पोत्यातली लोकर, टेबलावरची लोकर

परीक्षक लोकरीच्या ढिगातून पेन्सिलीएवढ्या जाडीची एक बट सोडवून घेतात. तिची दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरतात, बट कानाशी नेतात आणि एक झटका देतात. टणकन आवाज आला तर लोकर पुढच्या तपासणीला पात्र ठरते. बारीक करकर ऐकू आली तर ती मागे पडते, कारण केस त्या जागी कच्चा आहे. चरख्यावर घेतला की तिथेच तुटणार आणि सुतात गाठी धरणार.

हा कच्चेपणा येतो कुठून? मेंढीचा केस वर्षभर थोडाथोडा वाढत असतो. ती तापाने चार दिवस पडून राहिली, व्यायला फार त्रास झाला किंवा चाऱ्याची आबाळ झाली, की त्या दिवसांत वाढलेला केसाचा भाग बारीक राहतो. पुढे मेंढी खडखडीत बरी होते, केसही पुन्हा जाड वाढू लागतो, पण आजारपणाची खूण केसात कायम राहते. बट टोकापासून किती अंतरावर तुटली ते पाहून जाणता माणूस मेंढी साधारण कधी आजारी होती याचाही अंदाज बांधतो. मालक बाजूलाच उभा असेल तर त्याला ते ऐकून घ्यावं लागतं.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरच्या पश्चिमेला वेस्ट फ्रेंडशिप नावाचं गाव आहे. तिथल्या हॉवर्ड काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी 'मेरीलँड शीप अँड वूल फेस्टिव्हल' भरतो. झटक्याची ती परीक्षा तिथलीच. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो चालू आहे आणि आज अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लोकर-उत्सवांत त्याची गणना होते. मेंढ्यांचे गोठे, शेकडो दुकानं, कातण्या-विणण्याच्या स्पर्धा, कुत्र्यांनी कळप वळवण्याची प्रात्यक्षिकं आणि कोकराच्या मटणाचे स्टॉल असा सगळा मांड दोन दिवसांत मांडायचा आणि आवरायचा. हे पेलतात ते स्वयंसेवक. स्वतः मेंढ्या पाळणारे, सूत कातणारे, विणणारे आणि त्यांचे घरचे. बाहेरून पाहणाऱ्याला ही एक रंगीबेरंगी जत्रा वाटते. माझ्या मते या माणसांनी पन्नास वर्षं जे चालवलं आहे, तो एका मोडकळीला आलेल्या बाजारावरचा उपाय आहे, आणि बराच हुशारीचा.

आधी तो बाजार पाहू. १९४२च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज त्या पन्नास लाखांच्या आसपास आहेत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या गणवेशांसाठी लोकर लागली, आणि ती परदेशातून आणावी लागणं धोक्याचं आहे हे सरकारला कळून चुकलं. म्हणून १९५४ साली खास कायदा करून लोकर उत्पादकांना अनुदान सुरू झालं. तोवर नायलॉन आणि ॲक्रिलिक बाजारात शिरत होतं, आणि लोकांना मशीनमध्ये धुता येणारे, कसर न लागणारे स्वेटर आवडू लागले होते. अनुदानाने घसरण थांबली नाही, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यात अनुदानही बंद झालं. मोठे कळप पश्चिमेकडच्या राज्यांत राहिले. मेरीलँडसारख्या पूर्वेकडच्या भागात उरले ते वीस-तीस मेंढ्या बाळगणारे छोटे शेतकरी, आणि त्यांच्या मेंढ्या मुख्यतः मटणासाठी.

अशा छोट्या शेतकऱ्याची लोकर जायची, आणि अजून जाते, ती 'वूल पूल'मध्ये. ठरलेल्या दिवशी परिसरातले सगळे आपापली पोती घेऊन एका जागी येतात. पोती वजन करून, ढोबळ प्रत पाहून मोठ्या गठ्ठ्यात दाबली जातात आणि तो एकत्र माल व्यापाऱ्याला विकला जातो. व्यवस्था वाईट नाही. एकट्यादुकट्याच्या दोन पोत्यांना कोण विचारणार? पण एकदा का तुमची लोकर त्या गठ्ठ्यात गेली, की तुम्ही मेंढी किती जपली याला काही किंमत उरत नाही. काळी किंवा करडी लोकर तर तिथे दोषच समजली जाते, कारण गिरणीला रंगवायला पांढरा माल हवा असतो. पांढऱ्या गठ्ठ्यात चार काळे केस मिसळले तरी अख्ख्या गठ्ठ्याचा भाव पडतो.

उत्सवाने काय केलं, तर विक्रीचं मापच बदललं. इथे लोकर पोत्यावर विकली जात नाही. एका मेंढीची लोकर ही एक वस्तू. तिच्यावर चिठ्ठी असते: जात कोणती, रंग कोणता, वजन किती, कोणाच्या कळपातली. अनेकदा मेंढीचं नावही असतं.

लोकर-प्रदर्शनासाठी आदल्या दिवसापासून माल येऊ लागतो. मेंढी नीट कातरली असेल तर तिची सगळी लोकर एकसंध, अंगरख्यासारखी निघते. ती जाळीच्या टेबलावर उलगडायची, म्हणजे सुटे तुकडे आणि धूळ खाली पडते. मग कडा काढायच्या: पोटाखालची, मागच्या पायांची, शेणामुताने माखलेली लोकर ओढून बाजूला टाकायची. कातरताना एकाच जागी दोनदा कातर फिरली असेल तर अर्ध्या इंचाचे तुकडे तयार होतात. ते कातताना सुतात गुठळ्या करतात, म्हणून तेही झटकून टाकायचे. सर्वांत वाईट म्हणजे गवताची कुसळं. मानेवर आणि पाठीवर रुतलेली कुसळं धुऊन जात नाहीत, हातानेच एकेक काढावी लागतात. यावर उपाय म्हणून कित्येक पाळणारे मेंढ्यांना चक्क कापडी झूल शिवून घालतात. लोकर वाढत जाते तशी झूल तंग होते, म्हणून वर्षात तीन-चार वेळा मोठ्या मापाची घालावी लागते. आपल्याकडच्या मेंढपाळाला हे सांगितलं तर तो हसेल, पण या झुलीचे पैसे सुटतात.

मग परीक्षकांचं टेबल. बटीची लांबी, केसातल्या बारीक लहरी, चकाकी, हाताला लागणारा मऊपणा, टोकापासून बुडापर्यंत सारखेपणा, आणि सुरुवातीला सांगितलेला तो झटका. इथे एक गोष्ट मला फार पटते. सगळी लोकर एकाच फूटपट्टीने मोजत नाहीत. मेरिनो जातीच्या नाजूक लोकरीचा वर्ग वेगळा, लिंकन किंवा लेस्टरसारख्या लांब, चकचकीत केसांचा वेगळा, मधल्या प्रतीचा वेगळा, आणि पांढऱ्या व नैसर्गिक रंगाच्या लोकरीचे वर्ग पुन्हा वेगळे. भरड लोकर मऊ नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही. भरड लोकर म्हणून ती किती चांगली आहे, एवढंच पाहतात. परीक्षक बोलत बोलत निकाल देतात आणि भोवती उभे असलेले लोक ऐकत असतात. नव्याने मेंढ्या पाळणाऱ्याला एवढ्या थोडक्या वेळात इतकं शिकवणारी शाळा सहसा मिळत नाही.

निकालानंतर विक्री. हाताने सूत कातणारे गिऱ्हाईक दार उघडायची वाट पाहत रांगेत उभं असतं. पूलमध्ये पौंडाला एक डॉलरही न मिळणारी भरड-मध्यम लोकर इथे चांगली राखलेली असेल तर दहा-वीस डॉलर पौंडाने सहज जाते. काळी आणि करडी लोकर तर आधी संपते. गिरणीला जो रंग अडचणीचा, तोच हाताने कातणाऱ्याला हवा असतो, कारण तो रंगवावा लागत नाही. विकत घेणारा हेही जाणतो की घरी नेऊन धुतल्यावर चरबी, घाम आणि माती जाऊन वजन तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने घटणार आहे. ही चरबी म्हणजे लॅनोलिन, औषधांच्या दुकानातल्या कितीतरी मलमांत असतं ते. लोकर निवडणाऱ्या स्वयंसेवकांचे हात दोन दिवस आयतेच मऊ राहतात.

उत्सवातला सर्वांत गर्दी खेचणारा प्रकार म्हणजे 'शीप टू शॉल', मेंढीपासून शालीपर्यंत. एका संघात पाच जण: एक कातरणारा, तीन सूत कातणारे, एक विणणारा. हाती वेळ साधारण तीन तास. माग आधीच लावून ठेवलेला असतो, ताण्याचं (उभं) सूत घरून कातून आणलेलं असतं. बाण्याचं (आडवं) सूत मात्र समोर उभ्या असलेल्या मेंढीच्या अंगावरून निघालं पाहिजे. मेंढी कातरून झाली की तिघं जण न धुतलेली, चरबीने चिकट लोकर तशीच पिंजून कातायला घेतात. त्यांचे चरखे पायाने चालतात, त्यामुळे दोन्ही हात लोकर सोडायला मोकळे. पहिली कांडी भरली की ती मागावर जाते, आणि तिथून पुढे सगळा ताण विणणाऱ्यावर. सूत कमी पडलं तर तो खोळंबतो, जाडबारीक आलं तर शालीत पट्टे दिसतात. शेवटी कातरणीपासून वीणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण देतात आणि तयार शालींचा तिथेच लिलाव होतो.

या खेळाचा पूर्वज इंग्लंडमध्ये सापडतो. २५ जून १८११ रोजी न्यूबरी गावात सर जॉन थ्रॉकमॉर्टन यांनी एक हजार गिनींची पैज लावली, की सूर्योदयाला मेंढीच्या अंगावर असलेली लोकर सूर्यास्ताला कोट होऊन माझ्या अंगावर येईल. गिरणीमालक जॉन कॉक्सेटर यांनी दोन मेंढ्या पहाटे कातरून घेतल्या आणि १३ तास २० मिनिटांत कोट शिवून तयार झाला. हजारो लोक पाहायला जमले होते. मेंढ्यांचं पुढे काय झालं? त्या भाजून कामगारांना वाटल्या. त्या पैजेला यंत्रांचा तोरा मिरवायचा होता. मेरीलँडच्या मैदानावर तोच खेळ उलट्या कारणासाठी खेळतात: या कामात किती हात लागतात ते लोकांना दिसावं म्हणून.

स्वयंसेवकांचं बरंचसं काम मात्र दिसत नाही. मेंढ्या येतात त्या दारावर कोणीतरी प्रत्येकीच्या कानातला बिल्ला आणि पशुवैद्याचा दाखला तपासत उभं राहतं. स्क्रेपी नावाचा मेंदूचा आजार मेंढ्यांमध्ये पसरतो आणि त्याला औषध नाही, म्हणून अमेरिकेत मेंढीची ओळख पटवणारा बिल्ला सक्तीचा आहे. तोंडाला फोड आणणारा संसर्ग आणि खुरांची सड हे तर एकत्र गोठ्यात हमखास फैलावणारे रोग. एका आजारी मेंढीमुळे डझनभर कळप दूषित झाले तर पुढच्या वर्षी कोणी जनावर आणणार नाही. म्हणून ओळखीच्या माणसालाही दाखला नसेल तर परत पाठवावं लागतं. हे काम पगारी पहारेकऱ्यापेक्षा दुसऱ्या मेंढपाळाने केलेलं बरं. त्याचा शब्द लोक ऐकतात.

बाकी मग पेंढा अंथरणं, पाण्याच्या बादल्या भरणं, लेंड्या उचलणं, गवतात गाड्या लावायच्या रांगा आखणं, हरवलेली मुलं आईबापांकडे पोचवणं, मे महिन्यातल्या पावसाने चिखल झाला की फळ्या टाकणं. आपल्याकडे गावच्या जत्रेत पंचकमिटीची पोरं जे करतात तेच. फरक इतकाच, की इथे प्रत्येक कामाची लेखी यादी असते आणि ती पुढच्या वर्षीच्या माणसाच्या हातात पडते. २०२० मध्ये कोविडमुळे मैदान बंद राहिलं तेव्हा दुकानदारांची आणि पाळणाऱ्यांची गिऱ्हाइकांशी गाठ घालून देण्याचं काम याच मंडळींनी ऑनलाइन चालू ठेवलं.

अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडच्या कंब्रिया भागात असाच उत्सव एका मोठ्या आपत्तीनंतर उभा राहिला. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूताची साथ आली. देशभरातल्या २,०२६ नोंदींपैकी ८९३ एकट्या कंब्रियात होत्या. साथ रोखण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. त्यात इथल्या डोंगरांवरच्या हर्डविक मेंढ्यांवर गदा आली. या मेंढीची गंमत अशी, की तिला कुंपण लागत नाही. डोंगराचा कोणता भाग आपला हे ती आईच्या मागे फिरताना शिकते आणि पुढे आपल्या कोकरांना शिकवते. कळप मारला गेला की हे पिढ्यांचं ज्ञानही जातं, आणि नव्या विकत आणलेल्या मेंढ्या डोंगर सोडून खाली भटकतात. 'पीटर रॅबिट'च्या लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर या हर्डविक पाळणाऱ्या होत्या. १९४३ मध्ये गेल्या तेव्हा त्यांनी आपली चार हजार एकर जमीन आणि शेतं नॅशनल ट्रस्टला दिली, आणि तिथे हर्डविकच राहाव्यात अशी इच्छा नोंदवून ठेवली.

हर्डविकची लोकर भरड. कोकरू काळं जन्मतं आणि वयाबरोबर करडं होत जातं. मऊ स्वेटरच्या बाजारात तिला कोणी विचारत नव्हतं, कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नव्हती. 'वूल क्लिप' नावाच्या तिथल्या एका सहकारी संस्थेने २००५ मध्ये कॉकरमथ गावच्या गुरांच्या बाजारात 'वूलफेस्ट' भरवला. मला त्यांची जागेची निवड सर्वांत आवडते. एरवी लिलावाला आणलेली मेंढरं ज्या लोखंडी कप्प्यांत कोंडतात, त्याच कप्प्यांत दुकानं मांडली. ज्या रिंगणात जनावरांचा लिलाव होतो, तिथे दुर्मीळ जातींच्या मेंढ्या लोकांसमोर आणून त्यांच्या लोकरीबद्दल सांगू लागले. मांडवाचा खर्च नाही, जनावरांसाठी सोय तयारच, आणि शहरातून आलेल्या माणसालाही आपण कुठे आलो आहोत हे वासावरून कळतं.

या उत्सवांचं कौतुक करताना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. देशातल्या एकूण लोकरीच्या मानाने इथे विकली जाणारी लोकर अगदी चिमूटभर. शिवाय गर्दी वाढली तसे रंगीत सुताचे स्टॉल वाढले, आणि त्यातलं पुष्कळसं सूत दक्षिण अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोचं असतं. इथे फक्त रंगवलेलं. नवखं गिऱ्हाईक त्या रंगांनाच भुलतं आणि शेजारच्या गोठ्यातली स्थानिक करडी लोकर तशीच राहते. यावर अमेरिकेतल्या 'लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने २०१९ मध्ये एक छान शक्कल काढली. दुर्मीळ जातींच्या मेंढ्यांची लोकर विकत घेणाऱ्याला एक पासपोर्ट मिळतो, प्रत्येक जातीमागे त्यावर शिक्का, आणि ठराविक जाती पुऱ्या झाल्या की बक्षीस. नादिष्ट माणसाला यादी पुरी करायची हौस असतेच.

आपल्याकडे काय आहे? २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात सात कोटी बेचाळीस लाखांहून अधिक मेंढ्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे सत्तावीस लाख. त्यातली दख्खनी मेंढी काळी, काटक, दुष्काळात मैलोन् मैल चालणारी. तिची लोकर भरड, आणि वर्षातून दोनदा कातरतात म्हणून आखूड. तिच्यापासून घोंगडं होतं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे कापड ताठ बसतं आणि पाऊस वरच्या वर निथळतो. आज ही लोकर घ्यायला व्यापारी फिरकत नाही, कातरणीची मजुरी अंगावर पडते, आणि कित्येक ठिकाणी कातरलेली लोकर बांधावर टाकून पुढे जातात. मेंढपाळ मटणाच्या हिशेबाने जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीकडे वळताहेत. ती भराभर वाढते आणि तिच्या अंगावर लोकर जेमतेम.

जत्रा आणि सेवेकरी यांची मात्र आपल्याकडे वाण नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर समाज लोटतो, आणि भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकर उधळली जाते. आदमापूरचे संत बाळूमामा यांना जाऊन १९६६ पासून इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या मेंढरांचे बग्गे, म्हणजे कळप, गावोगाव फिरताहेत. भक्त मोबदला न घेता ती राखतात, शेतकरी आपल्या रानात बग्गा बसावा म्हणून आग्रह करतात. मेरीलँडच्या स्वयंसेवकाला हे पाहायला मिळालं तर तो थक्क होईल. जत्रेत जे नाही ते टेबल: कडा काढून, रंगवारी लावून, कोणाच्या वाड्यातली ते सांगून लोकर गिऱ्हाइकासमोर ठेवणारं.

ते टेबल परदेशातल्या नियमांनी मांडून चालणार नाही. लांबीला गुण ठेवले तर आपली आखूड लोकर पहिल्याच फेरीत बाद. पण प्रत ओळखण्याची आपली रीत आहेच. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाचं घोंगडं मऊ, आणि गिऱ्हाईक आजही त्याचे जास्त पैसे मोजतं. काळी, खैरी, पांढरी लोकर निवडून वेगळी ठेवणं आणि कोणती ताण्याला, कोणती बाण्याला हे हात लावून सांगणं धनगर आणि घोंगडी विणणाऱ्या सनगर घरांतल्या जुन्या बायकांना येतं. परीक्षकाच्या खुर्चीवर बसवायला त्यांच्याइतकं लायक दुसरं कोणी नाही, आणि त्या सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.